न्यूफाउंडलंडात अर्ध्या तासाने

सेल्बी टिबोला आयुष्यात एकाच वाक्याचा मनापासून राग होता, आणि ते वाक्य रेडिओवाला दिवसातून किमान सहा वेळा म्हणायचा. "हा कार्यक्रम संध्याकाळी सात वाजता, न्यूफाउंडलंडात अर्ध्या तासाने."

बाकी सगळ्या कॅनडाची घड्याळं एकमेकांपासून पूर्ण तासाच्या अंतरानं चालतात. आमच्या या पूर्वेच्या बेटाचंच तेवढं मध्येच अर्ध्यावर लटकलेलं. कार्यक्रम लागतो सगळीकडे एकदमच, फक्त आमचा काटा अर्धा तास पुढं. त्यात काही वाईट नाही, पण सेल्बीला तो सूर झोंबायचा. "सगळ्यांची पंगत उठली की तुम्हालाही वाढू, अशा आवाजात सांगतो मेला," तो म्हणायचा. त्याची बायको मेल्विना पावाची कणीक मळता मळता उत्तर द्यायची, "अरे, घड्याळाचं सांगतोय तो, तुझं नाही." पण सेल्बी सगळं स्वतःवर घ्यायचा. त्याला कारण होतं. तो पोस्टमास्तर होता.

केटल कोव्ह हे बेचाळीस घरांचं मच्छीमार गाव. तिथं सरकार म्हणून जे काही होतं ते सेल्बीच होता. पोस्ट त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत. म्हणजे पुढची खोली आणि तिच्यावरचं छप्पर सरकारचं, मागचं स्वयंपाकघर मेल्विनाचं, आणि मधला बोळ तेवढा सेल्बीचा. छपरावर झेंड्याचा उंच खांब होता. रोज सकाळी आठला सेल्बी शिडीवरून चढून झेंडा लावायचा आणि खाली उतरून, कुणी पाहत नाही अशी खात्री करून, स्वतःच त्याला सलाम ठोकायचा. (सगळं गाव पाहत असे.)

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात बातमी आली की आपले बर्फावरचे हॉकीपटू रशियन लोकांशी आठ मॅचेस खेळणार. चार इकडे, चार मॉस्कोत. सेल्बीनं तीस वर्षं रेडिओवर हॉकी ऐकली होती. कोणता खेळाडू डावीकडून कसा घुसतो, कोण पडल्यासारखं करून उठतो, हे तो डोळे मिटून सांगायचा. पण डोळे उघडून त्यानं एकही मॅच पाहिली नव्हती. गावात वीज येऊनच तीन वर्षं झालेली. या वेळी पाहायचंच, असं त्यानं ठरवलं आणि कॅटलॉगमधून टेलिव्हिजन मागवला. इथवर सगळं ठीक होतं. पण मग गार्लंड स्नूकच्या दुकानात, खारवलेलं मांस घ्यायला उभ्या असलेल्या आठदहा माणसांसमोर तो म्हणून बसला, "शेवटची मॅच सगळ्यांनी माझ्याकडे बघायची. सगळ्यांनी!"

गार्लंडनं फक्त चष्म्यावरून पाहिलं आणि मांस बांधून दिलं. तेवढ्यानं सेल्बीची इज्जत पणाला लागली.

टेलिव्हिजन किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणाऱ्या बोटीतून यायचा होता. बोट आली, पीठ आलं, खिळे आले, चर्चच्या पाळकसाहेबांची नवी छत्री आली, टेलिव्हिजन काही आला नाही. दोन आठवडे चौकशी केल्यावर कळलं की खोकं मोठ्या केटल कोव्हच्या धक्क्यावर उतरवलंय.

आता मोठं केटल कोव्ह म्हणजे भूशिराच्या पलीकडचं गाव, आणि तिथं पाच वर्षांपूर्वीच चिटपाखरू उरलं नव्हतं. सरकारच्या स्थलांतर योजनेत सगळं गाव उठलं. लोकांनी आपली लाकडी घरं ओंडक्यांवरून पाण्यात लोटली आणि होड्यांना बांधून ओढत आमच्याकडे आणली. पण बोटीवरच्या कारकुनाच्या यादीत गाव अजून होतं. कागदावर नाव दिसलं, धक्का दिसला, त्यानं खोकं उतरवलं.

सेल्बी, गार्लंड आणि इसॉ काका होडी घेऊन निघाले. इसॉ काका म्हणजे इसॉ कीपिंग, वय एकोणऐंशी, मूळचे त्या उठलेल्या गावातले. वाटभर त्यांचं तोंड चालू होतं.

"मी माझं आख्खं घर या पाण्यावरून आणलं रे, पोरा! चुलीवर किटली तशीच. एक बशी फुटली नाही. आणि तुमच्या कॅनडाला एक खोकं नीट उतरवता येत नाही!"

"तुमचा कॅनडा काय, काका? आपलाच की."

"माझा नाही. अठ्ठेचाळीस साली कॅनडात जायचं का यावर मतदान झालं, तेव्हा मी विरोधात मत दिलंय."

चोवीस वर्षं होऊन गेली होती, पण काका अजून कॅनडात आले नव्हते. ते फक्त तिथं राहत होते.

खोकं मोडक्या धक्क्यावर होतं. त्याला टेकून दोन मेंढ्या बसल्या होत्या आणि त्यांना उठवायला बराच वेळ लागला. तेवढ्यात काका वर गवतात जाऊन उभे राहिले. तिथं चौकोनात मांडलेले दगड होते, दुसरं काही नाही. "ही चुलीची जागा," ते म्हणाले. मग एकही टोमणा न मारता खाली आले आणि म्हणाले, "उचला आता. काय बघत बसलात?"

टेलिव्हिजन स्वयंपाकघरात, चुलीसमोर बसवला. बटण फिरवलं. पडद्यावर नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांचं हिमवादळ चालू झालं.

इथून पुढं सल्ले सुरू झाले. केटल कोव्हमध्ये दार वाजवायची पद्धत नाही. सरळ आत यायचं, चुलीजवळच्या बाकावर बसायचं आणि यजमानाचं काय चुकतंय ते सांगायचं. गार्लंडनं अँटेनाला काटेचमचे लावायला सांगितले. पाळकसाहेबांनी खिडकीची दिशा तपासून पाहिली आणि धीर धरायला सांगितलं. कुणी म्हणालं चूल हलवा, कुणी म्हणालं मेल्विनाला हलवा, ती मधे येते. मेल्विनानं लाटणं उचलल्यावर तो उपाय मागं पडला. द्रुसिला मावशी, वय अठ्ठ्याहत्तर, रोज दुपारी येऊन त्या हिमवादळासमोर विणकाम करत बसायच्या. "छान आहे की," त्या म्हणायच्या. "अगदी आपला फेब्रुवारी."

शेवटी सेल्बीच्याच डोक्यात प्रकाश पडला. गावातली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे त्याच्या छपरावरचा झेंड्याचा खांब. अँटेना नुसती वर नेऊन खांबाला टेकवून पाहिली, तर खालून मेल्विना किंचाळली, "माणूस दिसला! टाय घातलाय!"

दुसरा कुणी असता तर त्यानं तिथंच दोरी बांधली असती. पण खांब सरकारी होता आणि सेल्बी सरकार होता. त्यानं अर्ज लिहिला. स्वतःच पाकिटात घातला, स्वतःला तिकीट विकलं, शिक्का मारला आणि बोटीच्या थैलीत टाकला. नऊ दिवसांनी उत्तर आलं. ते त्यानं स्वतःच वाटपात काढलं, स्वतःला नेऊन दिलं आणि मगच फोडलं. "विषय: खांब. सदर खांब शासकीय असल्याबद्दल स्थानिक वरिष्ठ शासकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावा."

स्थानिक वरिष्ठ शासकीय अधिकारी तोच. त्यानं दाखला दिला की पोस्टमास्तर सेल्बी टिबो यांना आपण व्यक्तिशः ओळखतो, त्यांची वर्तणूक चांगली आहे आणि खांब शासकीय आहे. मेल्विना म्हणाली, "वर्तणुकीचं मला विचारायचं होतंस." दुसरं उत्तर आलं: "आपली विनंती विचाराधीन आहे."

एकीकडे विचार चालू, दुसरीकडे मॅचेस चालू. पहिल्या चारांत आपल्यांनी एक जिंकली, एक बरोबरीत सोडवली, आणि दोनदा रशियनांनी जी धूळ चारली ती सगळ्यांनी रेडिओवर ऐकली. मॉस्कोतली पहिलीही गेली. मग दोन जिंकल्या. आता दोघांच्या तीन-तीन, एक बरोबरीत, आणि सगळा निकाल अठ्ठावीस सप्टेंबरच्या गुरुवारी. "दुपारी थेट मॉस्कोहून!" रेडिओवाला ओरडला. "न्यूफाउंडलंडात अर्ध्या तासाने!"

गुरुवारी सकाळी सेल्बीनं झेंडा लावला. मग चारही दिशांना पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा परवानगीशिवाय एक काम केलं. अँटेना खांबाला बांधून टाकली. झेंडा अशा बेतानं खाली घेतला की ती अर्धी झाकली जावी. त्या दिवशी सलाम ठोकताना त्याची नजर जमिनीकडे होती.

दुपारी स्वयंपाकघरात सेल्बीखेरीज एकतीस माणसं होती. चित्र स्वच्छ होतं. सेल्बी खास खुर्चीत, अगदी समोर. ओळखीच्या आवाजांना आज चेहरे फुटत होते आणि तो प्रत्येक खेळाडूला पाहून "असा आहे होय हा!" म्हणत होता. इसॉ काका बाकाच्या टोकाला हाताची घडी घालून बसले होते. "मी तटस्थ," त्यांनी आल्याआल्याच जाहीर केलं. "त्यांचं आणि रशियनांचं ते बघून घेतील." द्रुसिला मावशींना खेळ कळत नव्हता, पण त्या दोन्ही गोलकीपरांच्या बाजूनं होत्या. "एकट्या बिचाऱ्याच्या अंगावर सगळे मिळून काय जाता!" त्या पडद्याला दरडावत होत्या.

दुसरा डाव संपला तेव्हा रशियन पाच, आपण तीन. "तुमचे हरणार," काका म्हणाले. तेवढ्यात दार वाजलं.

एकतीस माना दाराकडे वळल्या. दार वाजवतो तो परका. परका म्हणजे पोलीस, विमावाला किंवा सरकार. बाहेर काळा कोट घातलेला, बोटीच्या प्रवासानं हिरवा पडलेला माणूस उभा होता.

"विन्सर. विभागीय कार्यालय. खांबाच्या तपासणीसाठी आलोय."

मिस्टर विन्सर छपराकडे पाहतच आत आले होते, त्यामुळे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी खिशातून नियम काढून वाचला. "ध्वजस्तंभास ध्वजाखेरीज कोणतीही वस्तू बांधता, टांगता, ठोकता वा चिकटवता येणार नाही. सोडा ती. आत्ता."

"वीस मिनिटांचा तर खेळ उरलाय हो!" गार्लंड म्हणाला. सेल्बीला हे ऐकून गहिवरून आलं, कारण गार्लंड त्याच्या बाजूनं बोलण्याची ही पहिलीच वेळ.

"वाईट मलाही वाटतं हो," विन्सर म्हणाले. त्यांची नजर पडद्यावर खिळली होती. "पण नियम आहे."

सेल्बीनं तो कागद हातात घेतला. सव्वीस वर्षं सरकारी कागद वाचलेला माणूस तो. "बांधता, टांगता, ठोकता, चिकटवता," तो पुटपुटला. "साहेब, धरता येणार नाही असं कुठं म्हटलंय?"

विन्सरनी कागद परत घेतला, उलटून पाहिला. "नाही म्हटलेलं," ते म्हणाले. "खांबाशेजारी उभं राहून हातात धरायला नियमाची हरकत दिसत नाही. पण धरणार कोण? कामकाजाच्या वेळात सरकारी छपरावर फक्त सरकारी नोकर चढू शकतो."

"इथं सरकारी नोकर दोन आहेत," मेल्विना नवऱ्याकडे पाहत हळूच म्हणाली.

"त्यातला एक तपासणीवर आहे," विन्सर म्हणाले, आणि रिकाम्या झालेल्या खास खुर्चीत बसले.

असा सेल्बी टिबो, तीस वर्षं वाट पाहिलेल्या मॅचचा शेवटचा डाव सुरू होताना, स्वतःच्या युक्तीनं स्वतःच्या छपरावर चढला. दोन्ही हातांनी अँटेना डोक्यावर धरून तो उभा राहिला. समुद्रावरून वारा येत होता. झेंडा फडफडून त्याच्या तोंडावर आपटत होता. खाली खिडकीत मेल्विना.

"डावीकडे! जास्त झालं! हां, तसाच! श्वास घेऊ नकोस!"

"काय चाललंय?"

"गोल!"

"कुणाचा?"

"आपला! पाच-चार! हलू नकोस!"

हात भरून आले. मग खालून पुन्हा आरडाओरडा, आणि त्या सगळ्या गलक्यात एक चिरका, म्हातारा आवाज वेगळा ऐकू आला. "आपण बरोबरी केली! आपण!" तो इसॉ काकांचा होता. चोवीस वर्षं अडून बसलेला माणूस त्या क्षणी कॅनडात आला, आणि ते ऐकायला छपरावर एकटं सरकार होतं. सेल्बी पडता पडता राहिला.

त्यानंतर बराच वेळ कुणीच काही सांगेना. मेल्विना खिडकीतून नाहीशी झाली. सेल्बीनं हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. फक्त वारा आणि झेंडा. मग पायाखालचं छप्पर हादरलं. एकतीस गळ्यांतून आणि एका सरकारी गळ्यातून अशी आरोळी उठली की धक्क्यावरचे सगळे पक्षी उडाले. सेल्बीला कळलं. त्यानंही आरोळी ठोकली आणि आनंदानं दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

अँटेना कोबीच्या वाफ्यात जाऊन पडली.

आत पुन्हा फेब्रुवारी सुरू झाला. खेळ संपायला चौतीस सेकंद होते. त्या चौतीस सेकंदांत केटल कोव्हनं आपल्या पोस्टमास्तराला जी विशेषणं लावली ती पाळकसाहेबांनी नंतर ऐकलीच नाहीत असं ठरवलं. सेल्बी उतरून, अँटेना शोधून, पुन्हा चढेपर्यंत पडद्यावर हात मिळवणं चाललं होतं. सहा-पाच. जिंकलो होतो.

सेल्बी खाली आला तेव्हा स्वयंपाकघरात जो तो दुसऱ्याला तोच गोल सांगत होता. "तो पडला, मग उठला, मग मारला!" "पहिला अडवला त्यानं, दुसरा गेला!" "अरे, तू पाहिलास ना?" असं गार्लंडनं सेल्बीलाच विचारलं, आणि मग त्याची जीभ चावली गेली. सेल्बी बोळातून पुढच्या खोलीत गेला, काउंटरमागं बसला आणि खिडकीची फळी खाली ओढली. बाहेर पाटी लावली: बंद. कामकाजाच्या वेळात पोस्ट बंद झालं, आणि तपासनीस आत असूनही त्यानं पर्वा केली नाही. तो रडत होता. पन्नाशीचा माणूस, जिंकलेल्या मॅचवर.

मेल्विनानं बोळाच्या दारातून हे पाहिलं. ती परत आली, तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि टाळी वाजवली.

"गप्प बसा सगळे. गोल व्हायला अजून दहा मिनिटं आहेत."

"झाला की गोल!" गार्लंड म्हणाला.

"तो तिकडं झाला," मेल्विना म्हणाली. "न्यूफाउंडलंडात अर्ध्या तासाने."

क्षणभर कुणाला कळेना. मग कळलं. टेबल भिंतीला लागलं, चटई गुंडाळली गेली. बाकाखालची मोकळी जागा म्हणजे गोल. झाडू, पोछा, होडीचं वल्हं, काय हाताला येईल ते. या खेळात चेंडूऐवजी जी चकती लागते, तिच्यासाठी हार्ड ब्रेडचा एक तुकडा. रात्रभर भिजवल्याशिवाय ज्यांत दात शिरत नाही अशी ती बिस्किटं, बर्फावरच्या चकतीलाही मात देतील.

"गोलकीपर?"

"मी," द्रुसिला मावशी विणकाम खाली ठेवून म्हणाल्या. त्यांनी पोळपाट उचलला आणि बाकासमोर ठाण मांडलं.

"आणि रशियन?"

सगळ्यांनी मिस्टर विन्सरकडे पाहिलं. "मी आपल्याच सेंट जॉन्सचा आहे हो," ते म्हणाले. पण तोवर त्यांच्या हातात पोछा आला होता.

सेल्बीला बळजबरीनं आणून खास खुर्चीत बसवलं. "काय वेडेपणा चाललाय?" तो म्हणाला. मेल्विनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ. आणि श्वास घेतलास तरी चालेल."

गोल मारण्याचा मान कुणाला, यावर भांडण होण्याआधीच इसॉ काका उठून उभे राहिले. "आपला माणूस आधी पडला होता," ते म्हणाले, "आणि इथं माझ्याइतकं पडण्यात पटाईत कुणी नाही." घड्याळाचा काटा जागेवर आला. गार्लंडनं डावीकडून बिस्किट ढकललं. काका ठरल्याप्रमाणे पडले. जरा जास्तच पडले. पण ते वल्ह्याचा आधार घेऊन उठले, विन्सरना कोपरानं बाजूला सारलं आणि हाणलं. मावशींनी पोळपाटानं बिस्किट अडवलं.

"बरोबर!" गार्लंड ओरडला. "पहिला असाच अडवला होता! आता दुसरा, काका!"

काकांनी दुसरा मारला. मावशींनी तोही अडवला.

"मावशी, हा जाऊ द्यायचा!"

"का म्हणून?" मावशींच्या डोळ्यांत विलक्षण तेज आलं होतं. "सगळे मिळून एकटीच्या अंगावर येता आणि वर म्हणता सोड?"

तिसरा अडवला. चौथा पायानं. पाचवा खाली ठेवलेलं विणकाम उचलून. मिस्टर विन्सर खात्याचा अधिकारी असल्याचं विसरून "शाब्बास, मावशी!" ओरडले. सेल्बी खुर्चीच्या कडेवर आला. मग उभा राहिला. तीस वर्षांत रेडिओवर ऐकलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडू लागलं. "डावीकडे, काका! वर नको, खालून! खालून!"

काकांनी एक क्षण सेल्बीकडे पाहिलं. मग खालून हाणलं. बिस्किट मावशींच्या बुटांमधून सरकत बाकाखाली गेलं आणि भिंतीवर आपटून दोन तुकडे झालं.

त्या आरोळीत सेल्बीची आरोळी सगळ्यात मोठी होती. या वेळी दोन्ही हात फेकायला त्याला कुणाची हरकत नव्हती. त्यानं मेल्विनाला उचललं, काकांना मिठी मारली, गार्लंडलाही मारली. मावशी तेवढ्या रुसल्या. "पुन्हा खेळा," त्या म्हणाल्या. "मी तयार नव्हते."

मिस्टर विन्सर संध्याकाळच्या बोटीनं गेले. त्यांचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. सेल्बीनं तो नेहमीप्रमाणे स्वतःला नेऊन दिला. "तपासणीअंती स्तंभास ध्वजाखेरीज काहीही बांधलेले आढळले नाही. स्थानिक पोस्टमास्तर ध्वजाजवळ बराच काळ ताठ उभे असल्याचे समाधानाने नमूद करण्यात येते." तो कागद चौकटीत बसवून पोस्टात लावला होता.

आता पोस्ट नाही. मासे संपत आले म्हणून ब्याण्णव साली सरकारनं मासेमारी बंद केली आणि त्यानंतर केटल कोव्हही हळूहळू उठलं. घरं ओढून नेण्याची ताकद या वेळी कुणात नव्हती. काका आणि मावशी त्याआधीच गेले, गावातच, आपापल्या घरात.

त्या मॅचला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सेल्बी आणि मेल्विना सेंट जॉन्समध्ये मुलीकडे राहत होते. टेलिव्हिजनवर सबंध संध्याकाळ तोच गोल दाखवत होते, संथ करून, थांबवून, चारही बाजूंनी. सेल्बीनं तो डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिला. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही तेव्हा पाहिला होता हा?"

"पाहिला तर. अगदी समोरून."

त्यानं पडद्यावरच्या रशियन गोलकीपरकडे बराच वेळ पाहिलं. "पोरगा बरा होता," तो म्हणाला. "पण एकच अडवला यानं. आमच्या मावशीनं पाच अडवले."

मेल्विना खुर्चीत डुलक्या घेत होती. तेवढ्यात निवेदक म्हणाला की हा सोहळा उद्या पुन्हा सात वाजता दाखवू, न्यूफाउंडलंडात अर्ध्या तासाने. तिनं डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं. आता हा चिडणार, असं तिला वाटलं.

"बरोबर सांगतोय तो," सेल्बी म्हणाला. "अर्ध्या तासानेच झाला होता."